सहा नंबरचा सुधारित रिपोर्ट

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आई म्हणायची, "गुरुबसप्पा, जिभेला हाड नसतं हे खरं, पण लगाम तरी असावा." माझ्या बायकोचं मत असं की त्या तोंडामुळेच मी पॅथॉलॉजीत गेलो, कारण तिथं पेशंटशी बोलावं लागत नाही. वॉर्डातून बरणीत शरीराचा तुकडा येतो, सोबत फॉर्म येतो, आम्ही त्याला नंबर देतो, पातळ काप काढून काचेवर लावतो, रंगवतो, वाकून बघतो आणि रिपोर्ट लिहितो. माणूस कोण, कुठला, रडला की हसला, काही माहीत नसतं. तीस वर्षं मी हेच केलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्या खात्याकडे बघूनच कुणी तरी केली असणार.

आमचं मेडिकल कॉलेज लातूर-नांदेड रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे एका माळावर आहे. निम्मे शिक्षक सकाळी लातूरच्या बसनं येतात, निम्मे नांदेडच्या. इथं नवा जिल्हा होणार अशी हवा उठली तेव्हा संस्थापकांनी चाळीस एकर घेतले आणि गेटसमोर 'जिल्हा चौक' अशी पाटीही लावून टाकली. जिल्हा अजून व्हायचा आहे, चौक मात्र कधीच झाला. दर वर्षी एक मेला घोषणा होणार म्हणून एप्रिलमध्ये पाटी धुतात. २०१६ साली तीही धुतली नाही. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आम्हाला टँकरनं. तातडीची सोडून बाकी ऑपरेशनं बंद होती. लॅबमध्ये काचा धुवायला वाहतं पाणी लागतं. ते कुठून आणायचं? आमच्या मदतनीस सरजाबाई तीन बादल्या ओळीनं मांडून त्यांत काचा एकामागून एक बुडवायच्या आणि तिसऱ्या बादलीचं पाणी मागच्या कडुलिंबाला घालायच्या.

अशात वरून पत्रक आलं. शिकवणारे डॉक्टर थकत चालले आहेत, नोकऱ्या सोडत आहेत, म्हणून प्रत्येक कॉलेजनं 'परस्पर आधार गट' काढावा. दर गुरुवारी शिक्षकांनी एक तास एकत्र बसून मन मोकळं करावं आणि हजेरीचा कागद व फोटो पाठवावा. दुष्काळात तेरावा महिना! डीन साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"अप्पासर, हे तुम्ही चालवा."

"मीच का?"

"तुमच्याकडे पेशंट नसतात."

"साहेब, माझं तोंड माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हणूनच. तुमच्यासमोर कुणी फार वेळ बोलणार नाही. तासाभरात आटपेल."

पहिल्या गुरुवारी चौदा जण बसलो. तीन विभागप्रमुख पुढच्या खुर्च्यांवर. मी विचारलं, कसं चाललंय? छान. तुमचं? उत्तम. तुमचं? देवाच्या दयेनं सगळं व्यवस्थित. सात मिनिटांत चौदा सुखी माणसं मोजून झाली. फोटो काढला आणि उठलो.

दुसऱ्या गुरुवारी भूलतज्ज्ञ मकबूल सरांनी धीर केला. नांदेडचा जुना माणूस, आवाज मऊ, कुणाला न दुखवणारा. म्हणाले, हल्ली पहाटे तीनला जाग येते आणि ऑपरेशन टेबलावरची माणसं डोळ्यांपुढं येतात. झालं! एकानं विचारलं, थायरॉइड केलं का? दुसऱ्यानं, बी-ट्वेल्व्ह? तिसऱ्यानं साखर, चौथ्यानं ड जीवनसत्त्व, पाचव्यानं प्राणायाम. तास संपेस्तोवर मकबूल सरांच्या नावावर नऊ तपासण्या आणि तीन गोळ्या लागल्या होत्या. "मैं तो बस बोल रा था रे बाबा," ते उठता उठता म्हणाले. आम्हा डॉक्टरांच्या जातीचा हा दोषच आहे. दुखणं दिसलं की हात पेनाकडे जातो. तिसऱ्या गुरुवारी मकबूल सरांसकट सगळे पुन्हा छान होते.

माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "तोंडानं बोलता येत नसेल तर लिहा. पुढच्या वेळी आमच्या लॅबचे फॉर्म आणतो. नाव घालायचं नाही. वय, तक्रार, किती दिवसांपासून, एवढंच. बरणीत टाका. मी नंबर घालतो आणि वाचतो. रिपोर्टही देतो."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते माझ्या तोंडाचं.

पण गंमत अशी की ही युक्ती चालली. ज्या माणसांना 'मला त्रास होतो' म्हणता येत नव्हतं, त्यांना 'रुग्णास त्रास होतो' असं बरोबर लिहिता आलं. जन्मभर तेच तर लिहिलं होतं. दोन नंबर: स्त्री, वय ३८. घरी स्वतःच्या मुलीला 'हं, पुढचा पेशंट' अशी हाक मारते. मी रिपोर्ट दिला: मुलीची तपासणी वेळच्या वेळी होत आहे, काळजी नसावी. चार नंबर: पुरुष, वय ५१. सकाळी कॉलेज येऊ नये असं वाटतं, संध्याकाळी घर येऊ नये असं वाटतं, बस चालतच राहावी. रिपोर्ट: संस्थेला डिझेल परवडणार नाही. खोली हसत होती. विभागप्रमुखही हसत होते. चिठ्ठ्यांच्या पहिल्या गुरुवारी पाच आल्या, दुसऱ्या गुरुवारी आठ. मला वाटलं, वा गुरुबसप्पा, जमलं की तुला.

त्या दुसऱ्या गुरुवारची पहिली चिठ्ठी सहा नंबरची होती. 'पुरुष, वय ४३. शिकवताना हात थांबतो. दोन महिने झाले. झोप ठीक. जेवण ठीक. रजेवर असताना त्रास नाही.'

मी चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणालो, "झोप ठीक, जेवण ठीक, रजेवर त्रास नाही. निदान सोपं आहे. रुग्णाला कामाची ॲलर्जी आहे. मलाही ती दर सोमवारी होते. औषध: जास्त काम."

हशा झाला. त्या महिन्यातला सगळ्यात मोठा. मी सात नंबरची चिठ्ठी उचलली.

सोमवारी डीन साहेबांच्या खोलीत कळलं की नरसिंगनं राजीनामा दिला आहे.

नरसिंग सोनकांबळे बालरोग विभागात सहयोगी प्राध्यापक. माहूरकडच्या एका खेड्यातला. वडील मारोतराव शाळेत शिपाई होते. त्या बौद्ध घरातला, त्या सगळ्या गावातला हा पहिला डॉक्टर. माझा विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या काचेवर बोट ठेवून 'सर, हे तुम्ही म्हणता ते नाही' असं म्हणणारा एकमेव. आणि शिकवायला असा की दुसऱ्या युनिटची पोरं हजेरी बुडवून त्याच्या क्लिनिकला, म्हणजे वॉर्डातल्या शिकवणीला, मागं लपून उभी राहायची. लहान लेकराच्या कॉटपाशी उभं राहून तो जे शिकवायचा, ते पुस्तकात सापडत नाही.

"कारण काय दिलं?" मी विचारलं.

"घरगुती. नांदेडला मेहुण्याचं सिमेंटचं दुकान आहे, तिथं बसणार म्हणतो. दवाखानासुद्धा काढणार नाही. एक महिन्याची नोटीस आहे."

मी तणतणत लॅबमध्ये आलो. "ऐकलंत का सरजाबाई, आपला नरसिंग सिमेंट विकणार आहे! याच्यासाठी शिकवलं काय त्याला?"

सरजाबाई काचा पुसत होत्या. त्या थांबल्या.

"साहेब, एक बोलू का? राग न्हाई ना यायचा?"

"यायचा तो येईलच. बोला."

त्यांनी कपाटावरची बरणी काढली, चिठ्ठ्या चाळल्या आणि एक माझ्यापुढं ठेवली. सहा नंबर. तिच्या शेजारी बालरोग वॉर्डाचा एक जुना फॉर्म ठेवला.

"ह्ये दोन्ही अक्षर बघा."

मी बघितलं. तरी मला काही दिसेना.

"वीस साल झाले, फॉर्म लावून राहिले मी," सरजाबाई म्हणाल्या. "चवथीच शिकले, पर कोन्या डाक्टरचा कागद हाय ते वाचायच्या आधी कळतंय मला. ह्यो 'त' बघा, खाली कशी शेपटी सोडलीय. नरसिंग साहेबाबिगर कोनी अशी सोडत न्हाई. त्या दिवशी तुमी हसवलं तवा मी दारात हुते. सगळे हसले. त्ये बी हसले. मग भाईर आले अन् टाकीला टेकून लई येळ हुभे हुते. टाकीत पानी न्हाई, ठावं हाय त्यांना. तरी तोटी सोडून बसले."

मी खुर्चीवर बसलो. तीस वर्षांत मी हजारो रिपोर्ट दिले. आमच्यात पद्धत अशी की शंका आली तर वॉर्डात फोन करायचा, नाही तर उठून पेशंट बघून यायचं. मी शंकाच घेतली नव्हती. तेरा माणसांसमोर मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या स्वतःच्या हातची होती. मला माझी लाज वाटली. इतकी की सरजाबाईंकडे बघवेना.

तसाच उठून बालरोग वॉर्डात गेलो. किती वर्षांनी गेलो देव जाणे; नर्सनं मला 'कोण हवंय?' असं विचारलं. एका कॉटभोवती विद्यार्थी उभे होते, पण त्यांना शिकवत होती एक नवी लेक्चरर. नरसिंग लांब खिडकीपाशी कागदांवर सह्या करत होता.

"सर? तुम्ही इकडं?"

"नरसिंग, त्या सहा नंबरचं..."

"कुठला सहा नंबर, सर?" तो हसून म्हणाला. "मला काही माहीत नाही. घरचं कारण आहे माझं." मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "तुम्ही छान चालवताय गट. लोक हसतात. चालू ठेवा."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी परत आलो आणि सरजाबाईंवरच खेकसलो, "तो कबूलच करत नाही! दार लावून घेतलंय त्यानं. आता मी काय करू?"

सरजाबाईंनी बरणी परत कपाटावर ठेवली. "चौदा जन बसता तुमी. चिठ्ठ्या तेरा हायत. मी मोजल्या."

"मग?"

"तुमची कुटं हाय?"

"मी वाचणारा आहे."

"वाचनाऱ्याला काय हुत न्हाई व्हय?" म्हणाल्या आणि बादली उचलून लिंबाकडं गेल्या.

त्याच कपाटात, खालच्या खणात, खादीची एक पिशवी घडी घालून ठेवलेली असते. दर जानेवारीत लातूरजवळच्या मुरुडहून नागुबाई येतात. हुरड्याची पिशवी आणतात, माझ्या टेबलावर ठेवतात आणि हात जोडतात. मी 'कशाला त्रास घेता' म्हणतो आणि ज्वारीचा तो हुरडा घरी नेऊन खातो. या वर्षी पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. "पिकलंच न्हाई साहेब, येवढाच निघाला," असं त्याच वरमून म्हणाल्या होत्या. मी तो खण उघडला, पिशवी बघितली आणि एक फॉर्म पुढं ओढला. लिहायला दुपार गेली. याआधी असं कधी झालं नव्हतं. मी रिपोर्ट झटक्यात लिहितो.

गुरुवारी सगळे जमले. नरसिंगही होता, कारण हजेरी सक्तीची होती. दारापाशी खुर्ची घेऊन बसला होता. सरजाबाई दाराबाहेर पायरीवर.

"आज एकच चिठ्ठी आहे," मी म्हणालो. "नंबर चौदा." आणि वाचायला लागलो.

'पुरुष, वय ५७. त्रास बावीस वर्षांपासून. रुग्ण पॅथॉलॉजिस्ट आहे. १९९४ साली दुसऱ्या एका गावी नोकरीला असताना ऑपरेशन चालू असतानाच त्याच्याकडे एका बाईच्या स्तनातली गाठ आली. तुकडा गोठवून वीस मिनिटांत उत्तर द्यायचं होतं. त्यानं कॅन्सर आहे असं कळवलं. सर्जननं स्तन काढून टाकला. पाच दिवसांनी पक्क्या काचा तयार झाल्या. गाठ साधी होती. रुग्ण आणि सर्जन यांनी मिळून ठरवलं आणि बाईला सांगितलं की आजार मुळासकट निघाला, तुम्ही वाचलात. बाई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी त्या मुरुडहून रुग्णाला शोधत येतात, तो जिथं बदलून जाईल तिथं, आणि जीव वाचवल्याबद्दल खादीच्या पिशवीत हुरडा देतात. रुग्ण तो खातो. घरी बायकोलाही त्यानं हे सांगितलेलं नाही. त्या वर्षापासून रुग्णानं शक्यतो पेशंटचं तोंड बघितलेलं नाही आणि स्वतःचं तोंड मात्र फार चालवलेलं आहे.'

मी कागद खाली ठेवला. "हे अक्षर माझं आहे," मी म्हणालो. "याचा रिपोर्ट मला देता येत नाही."

मी वाट बघत होतो, आता कुणी तरी म्हणेल की तेव्हा यंत्रं जुनी होती, गोठवलेल्या काचेत अशी चूक होते, पुस्तकात टक्केवारीच दिलेली आहे. मी स्वतःला ते बावीस वर्षं सांगतच होतो. पण मकबूल सर उठले, आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली आणि बसले. बस्स, एवढंच. कुणी बी-ट्वेल्व्ह म्हणालं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसलं नाही, कारण रुमाल कोटात होता आणि कोट लॅबमध्ये.

जरा वेळानं मी दुसरा कागद काढला. आमच्यात रिपोर्ट चुकला तर तो फाडत नाहीत. त्याच नंबरवर सुधारित रिपोर्ट काढतात, आधीचा चुकला होता असं लिहून सही करतात. मी तो वाचला.

'नंबर सहा. सुधारित रिपोर्ट. आधीचा रिपोर्ट रद्द समजावा. रिपोर्ट देणाऱ्यानं पेशंट पाहिला नव्हता आणि नीट वाचलंही नव्हतं. त्याला लोकांना हसवायचं होतं. त्याबद्दल तो माफी मागतो. नमुना अपुरा आहे. पुन्हा पाठवावा, जेवढा जमेल तेवढा. घाई नाही.'

कागद पुढं करून मी बसून राहिलो. घेणार कोण होतं? मला वाटलं, गेला पोरगा. सिमेंटच्या गोणीवर बसणार आता.

मग दारापाशी खुर्ची सरकली. नरसिंग आला, माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"मार्चमध्ये टँकरच्या पाण्यानं हगवणीची साथ आली होती. एकेका कॉटवर दोन-दोन लेकरं. त्या दिवशी वॉर्डात बावीस होती. दहा वाजता माझं लेक्चर. हजेरीचा अंगठा लावायची वेळ टळली की पगारी रजा कापतात, ते जाऊ द्या, पण पोरं येऊन बसली होती. नऊ नंबरच्या कॉटवर एक पोरगी होती, दीड वर्षाची. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. हळू जागेवर गेली. रेसिडेंट डॉक्टरला म्हणालो, सलाइन वाढव, मी पन्नास मिनिटांत आलो. लेक्चरचा विषय होता, लहान मुलांच्या शरीरातलं पाणी कमी होणं. मी फळ्यावर चित्र काढून तेच सांगत होतो, सर. चिमटी कशी धरायची, सोडल्यावर कातडी किती वेळात जागेवर येते ते कसं बघायचं. तेवढ्यात ती पोरगी गेली."

कुणी तरी हलकेच 'अरेरे' म्हणालं.

"रेसिडेंटनं सगळं बरोबर केलं होतं. चौकशीत सगळ्यांनी लिहून दिलं, डॉक्टर सोनकांबळे यांची चूक नाही. मला ते खरंच वाटतं. चूक नव्हती. पण मला कुणी विचारलंच नाही की मग तुला कसं वाटतंय. तेव्हापासून क्लिनिकला लेकराच्या पोटाला हात लावला की चिमटी धरतो आणि सोडता येत नाही. वाटतं, सोडली आणि हळू गेली तर? पोरं बघत असतात. मी काही तरी निमित्त काढून बाहेर येतो. ज्याला चिमटी सोडता येत नाही त्यानं लेकरांचा डॉक्टर कशाला राहावं?"

माझ्या जिभेवर चार वाक्यं आली. चारही शहाणपणाची. मी आयुष्यात पहिल्यांदा लगाम ओढला. मकबूल सरांनी फक्त विचारलं, "मग, बेटा?" आणि नरसिंग आणखी बोलला. त्या पोरीच्या आईबद्दल, तिनं जाताना याचेच आभार मानले त्याबद्दल. ते सांगताना त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. तास कधीच उलटला होता. दोन्ही बस आवारात हॉर्न वाजवत होत्या. दोन नंबरची चिठ्ठी माझी होती, असं एक बाई हळूच म्हणाल्या. मग चार नंबरवाले म्हणाले. घरोघरी मातीच्या चुली. त्या दिवशी फोटो काढायचा राहिला.

राजीनाम्याचं मात्र नरसिंग काही बोलला नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी सकाळी अकराला लॅबमध्ये फोन वाजला.

"सर, क्लिनिक घेतोय. येता का? हात थांबला तर ओळखीचं कुणी तरी असावं."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. या वयात ते शोभत नाही. कॉटभोवती दहा-बारा पोरं होती, मी त्यांच्या मागं उभा राहिलो. कॉटवर दोन वर्षांचा एक टुणटुणीत पोरगा. हगवण थांबलेली, उद्या घरी जाणारा. नरसिंगनं त्याचा सदरा वर केला, बोलता बोलता बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरली, आणि वाक्य मध्येच तुटलं. पोरं वाट बघत राहिली. त्यानं मान वर करून मला शोधलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. काय करावं मला कळेना. मी फक्त मान हलवली: आहे मी, सावकाश.

त्यानं चिमटी सोडली.

कातडी झटक्यात जागेवर गेली. "लगेच!" पोरं एका सुरात म्हणाली, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. "पुन्हा बघा," नरसिंग म्हणाला आणि पुन्हा धरून सोडली. लगेच. पुन्हा. लगेच. तो पोरगा गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला, पाय झाडायला लागला, आणि नरसिंगचा थांबलेला श्वास सुटलेला मला मागच्या रांगेतून दिसला. मी भिंतीला टेकलो आणि पूर्ण क्लिनिक ऐकलं. पुढच्या कॉटवर त्यानं एका विद्यार्थिनीला चिमटी धरायला लावली. "घाबरू नको," तिला म्हणाला. "पण घाबरलीस तर सांग."

बाहेर आल्यावर माझ्यानं राहवलं नाही. "आणि सिमेंट?"

"सिमेंटला पाणी लागतं, सर," नरसिंग म्हणाला. "यंदा कुणी बांधकामच काढेना. मेहुणाच माशा मारत बसलाय. डीन साहेबांकडून कागद परत आणला सकाळी."

मी इतका मोठ्यानं हसलो की नर्सनं बोट ओठावर ठेवून मला गप्प केलं. लॅबमध्ये येऊन सरजाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. त्यांच्या 'त'ची सवय हाय मला."

संध्याकाळी साडेपाचला दोन्ही बस आवारात शेजारी शेजारी उभ्या होत्या, इंजिनं चालू. मी लातूरच्या बसमध्ये माझ्या जागेवर बसलो. मांडीवर नागुबाईंची पिशवी होती, रिकामी. बावीस वर्षं हुरडा अशाच पिशवीतून येत आला. ती परत करायला उद्या मुरुडला जायचं आणि जे सांगायचं ते सांगायचं, असं मी गुरुवारपासून ठरवत होतो आणि मोडत होतो. त्यांनी शिव्या दिल्या तर घेईन. हात जोडले तर काय करायचं, हे ठरत नव्हतं.

तेवढ्यात नरसिंग बसमध्ये चढला. खांद्याला बॅग.

"अरे, ही लातूरची बस," मी म्हणालो. "तुझी पलीकडे."

"माहीत आहे. घरी फोन केलाय. आज रात्री तुमच्याकडे जेवायला आहे, काकूंना कळवा." तो माझ्याशेजारी उभा राहिला. "उद्या मुरुडची पहिली एसटी किती वाजता असते, सर?"

"मी मुरुडला जाणार म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मांडीवरच्या पिशवीकडे बघत नरसिंग म्हणाला. "तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून तर आलो."

मी पिशवी उचलून खिडकीकडं सरकलो, आणि तो बसला.